एवढासा लाडू

चरकसंहितेंत ‘सात्म्य’ असा एक अर्थपूर्ण शब्द येतो. जें ज्याच्या देहास मानवतें तें त्याचें सात्म्य. पदार्थ उत्तम असला तरी तो प्रत्येकास मानवेलच असें नाहीं, हा त्यांतील विवेक होय. आपल्या पुणेरी स्वयंपाकघरांत मात्र कोशिंबीर असो कीं उपासाची खिचडी, दाण्याचें कूट घालतांना हा विवेक कोणास आठवत नाहीं.

गेल्या एकादशीस आमच्याच हातून प्रमाद घडला. नातवास पाळणाघरांतून आणावयास गेलों असतां त्याच्या सवंगड्याच्या हातीं आम्हीं दाण्याचा लाडू ठेवला. तेथील बाईंनीं तो तत्काळ काढून घेतला. “आजोबा, त्याला दाणे वर्ज्य आहेत,” त्या म्हणाल्या. ‘एवढ्याशा लाडवानें काय होतें?’ हें वाक्य आमच्या ओठांवर आलें होतें. तें गिळलें, हें बरें झालें.

कारण एवढ्याशानेंही प्राणसंकट ओढवतें. अंगावर गांधी उठतात, ओठ व जीभ सुजते, उलट्या होतात, धाप लागते, मूल निपचित पडतें. या विकारास ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस’ म्हणतात. हें नांव रिशे व पोर्तिये या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं १९०२ सालीं योजिलें. अशा वेळीं आजीबाईचा बटवा उपयोगी नाहीं. खाजेच्या गोळीवरही विसंबूं नये. मांडीच्या बाहेरील बाजूस अ‍ॅड्रिनॅलिनचें इंजेक्शन विनाविलंब देणें हाच मुख्य उपाय. मुलास आडवें निजवावें. धाप असल्यास बसूं द्यावें, परंतु उभें करूं नये कीं चालवूं नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही सेवा महाराष्ट्रांत २०१४ पासून आहे. उतार पडला तरी रुग्णालयांत न्यावेंच, कारण कांहीं तासांनीं विकार पुन्हा उलटूं शकतो.

म्हणून मूल पाळणाघरांत घालतांना तीन प्रश्न अवश्य विचारावे. कोणत्या मुलास काय वर्ज्य, हें लिहून ठेवलें आहे काय? डॉक्टरांनीं दिलेलें औषध चटकन् हातीं येईल अशा जागीं आहे काय? तें देण्यास निदान दोघीजणी शिकलेल्या आहेत काय?

विकतच्या पुड्यावर शेंगदाणा, दूध, अंडें इत्यादींचा उल्लेख करणें २०२० च्या केंद्रीय नियमांनीं आवश्यक केलें आहे. घरच्या लाडवास मात्र पुडा नसतो. तेथें विचारणें हाच नियम. लेंकरांस खाऊ देण्याची हौस आम्हां वृद्धांस फार. ती अवश्य असावी. फक्त हात पुढें करण्यापूर्वीं एक प्रश्न करावा: “याला हें चालतें ना?”