रद्दीतला अंक आणि मोबाइलचा पडदा



वेबसाइट बनवण्याचे काम शिकणारी मुले-मुली आज आपल्या वस्त्यांतही दिसू लागली आहेत. कोर्स संपतो न संपतो तोच ओळखीची माणसे दारात येतात. "बाळ, आमच्या मंडळाची साइट करून दे." "पोरी, आपल्या वाचनालयाची साइट तूच कर." मुले उत्साहाने कामाला लागतात. फिरती चित्रे, सरकणाऱ्या पट्ट्या, सात रंग, सगळे येते. साइट झगमगते आणि पाहुणे वाहवा करतात.

पण समजा, त्याच साइटवर शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख दिलेली आहे आणि ती सहाव्या फोटोच्या खाली, फिकट अक्षरांत आहे. कामावरून थकून आलेली आई मुलीसाठी मोबाइलवर ती शोधते. तिला ती सापडत नाही आणि तारीख निघून जाते. म्हणजे मांडणी चुकली तर एखाद्या मुलीचे वर्ष जाऊ शकते. म्हणून मांडणीला कोणी नटवणे-सजवणे समजू नये. वाचकाला त्याच्या कामाची गोष्ट वेळेवर हाती देणे, याचेच नाव मांडणी.

ही विद्या शिकवणारा गुरू रद्दीच्या दुकानात किलोवर मिळतो. जुनी मासिके, दिवाळी अंक, साप्ताहिके घरी आणा. पट्टी आणि पेन्सिल घ्या. मजकूर वाचू नका, फक्त मथळे, चित्रे, कॉलम, चौकटी यांच्याभोवती रेघा ओढा. दहा पानांत कळेल की चांगल्या अंकाची पाने वेगवेगळी दिसली तरी त्यांच्याखाली एकच अदृश्य जाळी असते. समास तेवढाच, कॉलमची रुंदी तेवढीच. स्वित्झर्लंडचे मांडणीकार योझेफ म्युलर-ब्रोकमान यांनी या जाळीवरच 1981 साली एक आख्खे पुस्तक लिहिले. आज वेबसाइट करणारे ज्याला ग्रिड म्हणतात ती हीच. आमच्या कारकुनी भाषेत सांगायचे तर खतावणीत नावे आणि जमा यांचे रकाने आधी आखलेले असतात, म्हणूनच आकडे चुकीच्या घरात जात नाहीत.

दुसरी शिकवण लहान-मोठ्याची. संपादकाला पहिल्या पानावर एकच बातमी सर्वांत मोठी करता येते. सगळेच मथळे मोठे केले तर एकही मोठा राहत नाही. मोठ्या आकाराचे वर्तमानपत्र स्टॉलवर घडी करून ठेवतात. घडीच्या वरचा अर्धा भाग पाहूनच माणूस अंक उचलतो, म्हणून मुख्य बातमी तिथे असते. मोबाइलवर बोट न सरकवता जेवढे दिसते तेवढी आपली घडीवरची जागा. तिथे स्वागताचे हलते फुलपाखरू ठेवायचे की अर्जाची तारीख, हे साइट करणाऱ्याने ठरवायचे असते.

तिसरी शिकवण ओळखीची. अंकाचे नाव वाचकाशी पहिल्या क्षणी बोलते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' सुरू केले तेव्हा शीर्षभागी तुकोबांचे वचन छापले. 3 एप्रिल 1927 रोजी 'बहिष्कृत भारत' निघाले, त्यावर ज्ञानेश्वरीतल्या ओव्या होत्या. नाव आणि त्याखालच्या त्या ओळी पाहताच हा आवाज कोणाचा आणि कोणासाठी, हे वाचकाला कळत असे. साइटचा माथाही असाच हवा. ही साइट कोणाची आणि कोणाच्या उपयोगाची, हे दोन ओळींत सांगावे.

छापील अंकाच्या प्रत्येक पानावर बारीक अक्षरांत अंकाचे नाव, तारीख आणि पान क्रमांक असतो. त्याकडे आपले लक्षही जात नाही, पण साइटला त्याची गरज जास्त आहे. अंक हाती घेणारा मुखपृष्ठ पाहूनच आत जातो. साइटचा वाचक बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या दुव्यावरून थेट आतल्या पानावर पडतो. त्या पानावर साइटचे नाव, मजकुराची तारीख आणि मुख्य पानाकडे जायची वाट नसेल तर तीन वर्षांपूर्वीची सूचना आजची समजून लोक रांगा लावतील.

आता अंकाकडून काय घेऊ नये तेही पाहू. पुष्कळ मंडळी छापील पानाचा फोटो काढून तसाच साइटवर चढवतात आणि म्हणतात, झाले काम. मोबाइलवर ते पान मुंगीएवढ्या अक्षरांत दिसते. बोटांनी मोठे केले की ओळीचा शेवट पडद्याबाहेर जातो. फोटोतला मजकूर गूगलच्या शोधात सापडेलच असे नाही, आणि अंध बांधवांचे वाचून दाखवणारे यंत्र तिथे अडते. दोन कॉलमही मोबाइलवर आणू नयेत. पहिला संपवून दुसऱ्यासाठी पुन्हा वर चढावे लागते. मोबाइलवर एकच कॉलम ठेवावा आणि मोठ्या पडद्यावर त्याचे दोन-तीन भाग व्हावेत. पडद्याप्रमाणे मांडणी बदलण्याच्या या पद्धतीला ईथन मार्कोट यांनी 2010 साली 'रिस्पॉन्सिव्ह' हे नाव दिले. 2017 पासून प्रमुख ब्राउझरांत सीएसएस ग्रिड आल्यावर मासिकासारखी जाळी आखणे सोपे झाले.

मात्र कॉलम अरुंद का ठेवतात, ते कारण घ्यावे. ओळ फार लांब झाली की डोळ्याला पुढच्या ओळीची सुरुवात सापडत नाही. संगणकावर मजकूर या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरू देऊ नये. दोन्ही बाजूंना कोरी जागा सोडावी. कोरी जागा म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे, ती डोळ्यांची विश्रांती आहे.

मराठीची काळजी वेगळी घ्यावी लागते. आपल्या अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि पायाशी उकार. इंग्रजीच्या मापाने ओळी लावल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो. म्हणून ओळींतले अंतर अक्षराच्या मापाच्या दीडपट ते पावणेदोनपट ठेवावे. मजकुराचे अक्षर 16 पिक्सेलपेक्षा लहान नको. इंग्रजीत मथळा ऐटदार दिसावा म्हणून अक्षरे विरळ करतात, मराठीत तसे केले की शिरोरेघ तुटते. मजकूर युनिकोडमध्येच हवा. डीटीपीवाल्याच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर आहे तसा चिकटवला तर पडद्यावर विचित्र चिन्हे उमटतात, आधी तो बदलून घ्यावा लागतो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट फुकट मिळतात. मुक्ता मजकुराला आणि बलू मथळ्याला बरा.

चित्रांचा धडा 'चांदोबा'कडून घ्यावा. आता बंद झालेल्या त्या मासिकात चित्र गोष्टीतला नेमका प्रसंग दाखवी, त्यामुळे न वाचणारे मूलही गोष्टीत शिरे. साइटवर सत्काराचे चाळीस फोटो टाकण्याऐवजी मजकुराला धरून एकच टाकावा. तोही लहान करून टाकावा. कॅमेऱ्यातला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवला तर गरिबाचा डेटा त्यातच संपतो. फोटोखाली ओळही हवी. काळ्या-पांढऱ्याचा फरकही स्पष्ट हवा. अक्षर आणि पार्श्वभूमी यांत किमान 4.5 ला 1 एवढा फरक असावा, असे जागतिक सुगमता-निकष सांगतात. पिवळ्यावर पांढरे अक्षर तरुण डोळ्यांनाही वाचवत नाही, मग आजोबांनी काय करावे?

साइट तयार झाली की ती मित्रांना दाखवून कौतुक मिळवू नका. शेजारच्या मावशींच्या हातात त्यांचाच मोबाइल द्या आणि म्हणा, "मावशी, अर्जाची तारीख शोधा." तुम्ही गप्प बसा. अर्ध्या मिनिटात सापडली तर साइट चांगली. नाही सापडली तर दोष मावशींचा नाही. पुन्हा पट्टी-पेन्सिल घ्या आणि पानाची जाळी नव्याने आखा.

मुलांनो, छपाईच्या काळात जागा थोडी होती आणि कागद महाग होता. म्हणून काय ठेवायचे आणि काय गाळायचे, याचा निर्णय संपादकाला करावाच लागे. पडद्यावर जागा अमाप आहे, म्हणून तो निर्णय टाळला जातो. जुन्या अंकातून रंग आणि नक्षी घेतली नाही तरी चालेल, पण तो निर्णय मात्र जरूर घ्या.