गाडीची किल्ली खुंटीवर

बासी ईदला अकोल्याला जायचे, हा आमच्या घरचा जुना रिवाज. मुलांचे नाना-नानी तिथे राहतात. पूर्वी आम्ही अमरावतीहून एस.टी.ने जायचो. शीरखुर्म्याचा डबा मांडीवर आणि मुले खिडकीपाशी. चार वर्षांपूर्वी एक जुनी कार घेतली. व्याजाचे कर्ज नको म्हणून पैसे साठवायला सहा वर्षे लागली. गाडी दारात आली तेव्हा मुलांच्या दादीने बोनेटवरून हात फिरवला आणि शेजारणीला हाक मारून दाखवली. म्हणून गाडीच्या हौसेला आम्ही हसत नाही. आयुष्यभर स्कूटरवर चौघांना कोंबून नेणाऱ्या मास्तरला चार दारांची किंमत कळते.

रस्ताही आता असा झाला आहे की गाडीला आपोआप पंख फुटतात. जून 2022 मध्ये याच अमरावती–अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर लांबीची एक डांबरी मार्गिका सलग टाकली गेली आणि गिनीज बुकात आपल्या वऱ्हाडाचे नाव लागले. मजुरांनी आणि अभियंत्यांनी रात्रंदिवस राबून विक्रम केला, यात शंका नाही. त्या रस्त्यावर आपापला विक्रम करायला मात्र आपण सगळेच निघतो.

यंदाच्या बासी ईदची गोष्ट. आमचा थोरला मुलगा नववीत आहे. तो पुढच्या सीटवर बसून मोबाइलवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळत होता. बडनेरा मागे पडले तरी मान वर नाही. आम्ही सवयीने सुनावले, “या गेमांनीच तुमची पिढी बिघडवली.” तो शांतपणे म्हणाला, “अब्बू, मी गेममध्ये ठोकली तर फक्त माझा स्कोअर जातो. तुम्ही आत्ता गाडी चालवताना मोबाइलवर बोलत होतात.”

मागच्या सीटवर त्याची अम्मी आणि लहान बहीण हसल्या. मास्तरचा अहंकार जागा झाला. आम्ही म्हणालो, “ठीक आहे, अकोल्यापर्यंत आमच्या चुका मोज. घरी गेल्यावर वाचून दाखव.”

नानांच्या घरी चहा झाला आणि पोराने सर्वांसमोर यादी वाचली. गाडी चालवताना दोनदा फोन. काटा तीन वेळा शंभराच्या पुढे. डाव्या बाजूने ओव्हरटेक दोनदा. मूर्तिजापूरजवळ चहासाठी पुढून वळून यायचे टाळून उलट्या दिशेने गाडी घातली. दवाखान्यासमोर हॉर्न. वळताना इंडिकेटर नाही. आणि मागे बसलेल्या दोघींनी पट्टा लावला नाही, हे आम्ही पाहिलेसुद्धा नाही. एकूण अकरा चुका. नाना खो खो हसले. आम्हीही हसलो, पण घास घशाखाली उतरेना.

खरे सांगायचे तर गेमला नावे ठेवण्याचा आम्हाला फारसा हक्कही नाही. आमच्या तरुणपणी सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून आम्ही ‘रोड रॅश’ खेळलो आहोत. त्यात शेजारच्या मोटारसायकलवाल्याला लाथ मारून पाडायचे असे. मात्र त्या खेळातही पोलीस होता, तो पकडे आणि शर्यत संपे. खेळाला निदान नियम तरी होते.

याचा अर्थ गेम निरुपद्रवी आहेत असे नाही. रात्री दोनपर्यंत खेळून पहिल्या तासाला डुलक्या घेणारी मुले आम्ही रोज पाहतो. फजरला उठणे तर दूरच. पैसे लावून खेळायच्या गेमांनी घरे पोखरली, म्हणूनच 2025 मध्ये संसदेला त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा करावा लागला. पण बंदीवर सगळी भिस्त ठेवता येत नाही. पबजीवर सप्टेंबर 2020 मध्ये बंदी आली आणि जुलै 2021 मध्ये तोच खेळ नव्या नावाने परतला. मूल गेममधून थोडे शिकते, घरातून जास्त शिकते. गेममध्ये गाडी उलटली की बटण दाबून ती पुन्हा उभी राहते, हे पंधरा वर्षांच्या मुलाला नीट कळते. त्याच्या हातात खरी किल्ली देताना आपणच ते विसरतो.

19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला काय घडले ते आठवा. सतरा वर्षांचा मुलगा, भरधाव महागडी मोटार, आणि दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते संपले. मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन मिळाला म्हणून महाराष्ट्र संतापला, तो योग्यच संताप होता. आम्ही शाळेत निबंध तपासतो. कोणत्या निबंधाने दोन आयांचे दुःख तपासून होते? पण त्या संतापात आपण एक सोयीचा समज करून घेतला, की हे श्रीमंतांच्या लाडावलेल्या मुलांचे दुखणे आहे. ईदच्या संध्याकाळी आपल्या मोहल्ल्यात उभे राहून पाहा. एका मोटारसायकलवर तिघे, एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही, सायलेन्सर बदललेला, आणि चालवणाऱ्याला अजून मिसरूड फुटायची आहे. किल्ली त्यानेही चोरलेली नसते. घरातूनच मिळालेली असते.

2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायदा याबाबत स्पष्ट आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे गेली, म्हणजे रोज साडेचारशेहून जास्त. त्यांतले दहापैकी सात मृत्यू अतिवेगाच्या अपघातांत झाले.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी वाटेतली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा ईमानचाच एक भाग सांगितला आहे. वाटेवर बसणाऱ्यांनाही त्यांनी वाटेचा हक्क अदा करायला सांगितले, आणि कुणाला त्रास न देणे हा त्यातला एक हक्क. आपण ही हदीस मुलांना पाठ करून घेतो. मग जुम्म्याला मशिदीसमोर गाडी अशी लावतो की मागून येणारी रुग्णवाहिका अडावी. वाटेतला काटा उचलणे ईमान असेल, तर काटा टाकणे काय असेल? परवाना नसलेले पोर आणि त्याच्या हातातली आपली गाडी, हा काटाच आहे.

आता त्या दिवशीची राहिलेली गोष्ट. असरनंतर आमच्या मेहुण्यांचा मुलगा जवळ आला. सोळा वर्षांचा, गोड पोरगा. म्हणाला, “फूफा, एक चक्कर मारूं?” मेहुणे म्हणाले, “दे दो भाई, ईद है.” आमचा हात खिशाकडे गेलासुद्धा. समोर आमचा मुलगा उभा होता. त्याच्या हातात अजून तो मोबाइल होता, ज्यात आमच्या अकरा चुका लिहिल्या होत्या.

आम्ही नाही म्हणालो. मेहुण्यांचा चेहरा उतरला. “पिछले साल तो दी थी,” ते म्हणाले. खरेच दिली होती. गेल्या वर्षी तो आमची कार घेऊन गेला, अर्ध्या तासाने परत आला आणि आम्ही त्याच्या पाठीवर थाप मारली होती. आम्ही म्हणालो, “ती आमची चूक होती. यादीत बारावी लिही, बेटा.”

रात्रीचे जेवण जरा अबोलपणेच झाले. भाचा रुसून आत बसला. मेहुण्यांचा त्यानंतर फोन आलेला नाही. आम्ही दोनदा केला, उचलला गेला नाही. तिसऱ्यांदा करू, कारण नातेही तोडायचे नाही आणि किल्लीही द्यायची नाही.

परतताना मागच्या दोघींनी पट्टे लावले. फोन आम्ही मुलाच्या हातात दिला. काटा ऐंशीला ठेवला, तेव्हा पोरगा म्हणालाच, “अब्बू, कित्ता स्लो चलाते!” घरी पोहोचायला वीस मिनिटे जास्त लागली. दादी दारातच उभ्या होत्या.

आता गाडीची किल्ली दाराजवळच्या खुंटीवर असते. मुलाला अठरा पूर्ण व्हायला तीन वर्षे आहेत. तोवर तो आमच्या चुका मोजणार आहे, असा करार झाला आहे. वाचकहो, तुमच्या घरीही एखादा असा मोजणारा असेलच. एकदा त्याला शेजारच्या सीटवर बसवा आणि यादी करायला सांगा. अल्लाह आपल्या सर्वांची मुले सलामत ठेवो, आणि आपल्या गाडीपासून दुसऱ्यांची मुलेही.