एकाच खिशातले जग

उज्जैनला देवास गेटच्या बसस्थानकावर उतरणारा शहाणा यात्रेकरू सारे पैसे एकाच खिशात ठेवीत नाही. घरच्या संगणकावर आभासी जग उभारणाऱ्या आमच्या तरुणांपैकी कितीजण हे साधे व्यवहारज्ञान पाळतात? ‘माइनक्राफ्ट’चा वा ‘ओपनसिम्युलेटर’चा सर्व्हर स्वतः चालविणे हे स्वावलंबन स्तुत्य आहे, यात शंका नाही. परंतु तेथे मालकालाच राखणदारही व्हावे लागते, याचा विसर पडून चालणार नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या सॉफ्टवेअरमधील दोष उघड झाला, तेव्हा संभाषणात धाडलेल्या एका ओळीने माइनक्राफ्टचा सर्व्हर परक्याच्या ताब्यात जाऊ शकत होता. त्याच वर्षी १० मार्चला फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या माहिती-केंद्राला आग लागली. ‘रस्ट’ या खेळाच्या २५ युरोपीय सर्व्हरांवरील माहिती तीत कायमची नष्ट झाली. मोठ्या कंपनीच्या छपराखाली ही गत, तर घरातल्या एका संगणकाची काय कथा?

तेव्हा सुधारित आवृत्ती तत्काळ बसवावी. ओळखीच्यांची यादी करून इतरांस प्रवेश नाकारावा. महिनोन्‌महिने खपून रचलेल्या नगरीच्या तीन प्रती दोन निरनिराळ्या साधनांवर ठेवाव्यात व त्यांतील एक घराबाहेर असावी. त्या प्रतीवरून जग पुन्हा उभे राहते की नाही, हेही अधूनमधून पडताळावे; ऐन वेळी उघडत नाही ती प्रत काय कामाची? पावसाळ्यापूर्वी पुरुमेंत भरून ठेवणाऱ्या गोमंतकीयांना याहून अधिक सांगणे न लगे.