रक्त साकळते, त्याचे 'क्लथन' कोणी पाहिले?

भाषांतराच्या उत्तरपत्रिका तपासण्याच्या एका बैठकीत एका विद्यार्थिनीचा गुण कापला गेला. मूळ उताऱ्यात 'कोॲग्युलेट' हे क्रियापद रक्ताला लावलेले होते. तिने लिहिले, 'जखमेवरचे रक्त साकळले होते.' नमुना उत्तरात होते, 'रक्ताचे क्लथन झाले होते.' साकळणे हा घरगुती शब्द आहे, परीक्षेत तो शोभत नाही, असे बहुमत पडले. माझी हरकत तिथे टिकली नाही, म्हणून ती येथे सविस्तर मांडतो.

ज्या इंग्रजी शब्दाच्या इभ्रतीसाठी हा खटाटोप, त्याचे कूळ तरी आपण पाहिले आहे काय? लॅटिनमध्ये 'कोआगुलुम' म्हणजे वासराच्या जठरातून काढलेला, चीज करताना दुधात घालायचा पदार्थ. आपल्या भाषेत सांगायचे तर विरजणाचा मावसभाऊ. त्यामागचा धातू एकत्र हाकण्याचा, जसे गुराखी गुरे हाकतो तसे. म्हणजे युरोपीय वैद्यकाने गवळ्याच्या घरातला शब्द उचलला आणि त्याची त्याला लाज वाटली नाही. आपण मात्र स्वयंपाकघराकडे पाठ फिरवून संस्कृत कोश धुंडाळतो.

'हॅम्लेट'चेच पाहा. पहिल्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात पित्याचे भूत विषाने आपल्या रक्ताचे काय झाले ते सांगते, तेव्हा शेक्सपिअर थेट दूधदुभत्याकडे वळतो. दुधात आंबट थेंब पडावेत तसे ते रक्त नासते. त्यासाठी वापरलेल्या दोन क्रियापदांपैकी एक दह्याचे आणि दुसरे गरम दुधात मद्य घालून फाडलेल्या एका पेयाचे. 'कोॲग्युलेट' येतो तो दुसऱ्या अंकात, नटांसमोर हॅम्लेट जे जुन्या थाटाचे भाषण म्हणून दाखवतो त्यात, रक्ताने माखलेल्या पिऱ्हसच्या वर्णनात. यातना सांगताना घरचा शब्द आणि आवेश आणताना लॅटिन, ही निवड मला तरी अजाणता झालेली वाटत नाही. आपले नमुना उत्तर लिहिणारे भुताच्या तोंडीही 'क्लथन'च घालतील.

आणि मराठीत उणीव कशाची आहे? दही लागते, दूध नासते, तूप थिजते, आमटी आळते, बासुंदी आटते, पिठल्यात गुठळ्या होतात. नासण्यात अपघात आहे. विरजण्यात हेतू आहे. थिजलेले तूप ऊब लागताच पुन्हा पातळ होते. नासलेले दूध पूर्ववत होत नाही. साकळणे हे तर प्रामुख्याने रक्ताचेच, मार लागून कातडीखाली काळेनिळे होते त्याचे. भीतीने मात्र आपले रक्त गोठते, थंडीतल्या पाण्यासारखे. इंग्रजीत त्याच भीतीने ते दुधासारखे फाटते. हा भेद वर्गात शिकवण्याजोगा आहे. 'क्लथन' लिहिले की तो शिकवायलाच नको.

परिभाषेला एकार्थी नाम हवे, त्यापासून समास व्हायला हवेत, ही अडचण खरी आहे. शरीरक्रियाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात 'रक्तक्लथन' असू द्या, माझी तक्रार नाही. पण कथेतल्या जखमेला पाठ्यपुस्तकाची भाषा का बोलायला लावायची? शिवाय गंभीर विषयाला घरचा शब्द झेपत नाही, हेही खरे नाही. मार्च 2021मध्ये युरोपातील काही देशांनी ॲस्ट्राझेनेकाची लस थांबवली, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी 'रक्ताच्या गुठळ्या' असे लिहिले. पिठल्यातला शब्द. तो वाचून कोणा वाचकाला हसू आल्याचे ऐकिवात नाही. (डॉक्टर मंडळी सरळ 'क्लॉट' म्हणतात, तो प्रश्न निराळा.)

त्या मुलीच्या घरी बहुधा कोणी तरी 'रक्त साकळलंय, शेक दे' म्हणत असणार. तो शब्द ऐन वेळी तिला आठवला आणि नेमका बसला. भाषांतर याहून वेगळे काय असते, हे मला त्या बैठकीत कोणी सांगितले नाही. पुढल्या परीक्षेचे नमुना उत्तर अजून लिहायचे आहे. त्यात 'साकळणे' ग्राह्य धरावे, असा लेखी ठराव मी देणार आहे.