‘दीक्षा’वरचे प्रमाणपत्र आणि वर्गातली जात

‘दीक्षा’ म्हटले की आपल्याला १४ ऑक्टोबर १९५६ आठवतो. नागपुरात लाखो लोकांनी बावीस प्रतिज्ञा स्वतःच्या तोंडाने उच्चारल्या. दीक्षा म्हणजे स्वतःला तपासणे आणि बदलणे. शासकीय शाळेतल्या शिक्षकांसाठी मात्र ‘दीक्षा’ हे एक ॲप आहे. २०१९ मध्ये सुरू झालेले ‘निष्ठा’ प्रशिक्षण २०२० पासून त्यावर ऑनलाइन आले. व्हिडिओ पाहा, प्रश्न सोडवा, प्रमाणपत्र घ्या. मध्येच एक सूचना येते : चिंतन करा, लिहा, सहकाऱ्यांचे वाचून अभिप्राय द्या.

ही सूचना अत्यंत मोलाची आहे. पण तिचे होते काय? तयार उत्तरे व्हॉट्सॲपवर फिरतात. अभिप्राय म्हणून ‘खूप छान’, ‘अभिनंदन सर’ एवढेच येते. याला चिंतन म्हणायचे का?

शिक्षणातल्या चिंतनाचा विचार ज्यांनी मांडला, ते जॉन ड्युई कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचे गुरू होते. तिथेच ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा निबंध चर्चासत्रात वाचला. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’वर गांधींनी टीका केली, तेव्हा १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती टीका आणि स्वतःचे उत्तर दोन्ही त्यांनी छापले. याला म्हणतात अभिप्राय! आणि त्याआधी, १८५५ साली, फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखावर ‘ज्ञानोदय’मध्ये निबंध लिहिला. अनुभव लिहून व्यवस्थेला प्रश्न विचारणे ही आपली परंपरा आहे. ती आपल्याला कुठल्याही ॲपने शिकवलेली नाही.

कळंबोलीचेच बघा. इथल्या लोखंड बाजारात हमाली करणाऱ्यांची, ट्रक चालवणाऱ्यांची, नाक्यावर काम शोधणाऱ्यांची मुले वर्गात बसतात. मागच्या बाकावर कोण बसते? झाडू कोणाच्या हातात दिला जातो? आडनाव ऐकून कोणाकडून अपेक्षा कमी केल्या जातात? ‘स्कॉलरशिपवाले’ म्हणून हाक कोण मारते? शिक्षण हक्क कायदा, २००९ दुर्बल घटकांतल्या मुलांशी भेदभाव होऊ नये असे सांगतो. पण शिक्षकाने स्वतःचा वर्ग असा लिहून तपासला नाही, तर तो भेदभाव दिसणार कसा?

काही शिक्षक म्हणतील, निवडणूक, जनगणना, रोजचे अहवाल यांतून वेळ कुठे आहे? तक्रार खरी आहे. निवडणूक आणि जनगणनेची कामे तर त्याच कायद्याने शिक्षकांसाठी खुली ठेवली आहेत. पण नवे शैक्षणिक धोरण वर्षाला ५० तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा धरते. तो वेळ द्यायचाच असेल, तर व्हिडिओ पुढे ढकलण्यात का घालवायचा?

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. प्रामाणिकपणे लिहिलेले वरिष्ठांच्या हाती लागणार असेल, तर कोण लिहील? आणि नाव-आडनाव पडद्यावर दिसत असताना एखादी बौद्ध शिक्षिका सवर्ण मुख्याध्यापकाला ‘तुमच्या शाळेत जात पाळली जाते’ असा अभिप्राय कसा देईल? जात नाकारणारे प्रशिक्षण अशा वेळी ‘सगळे छान’ एवढेच लिहून घेते.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. एक, चिंतनलेखन गोपनीय अहवालापासून आणि वेतनश्रेणीपासून पूर्ण वेगळे ठेवा. दोन, पाच-सहा शिक्षकांचे छोटे गट करा आणि अभिप्राय देणाऱ्याचे नाव झाका. तीन, ‘आदर्श शिक्षक कसा असावा’ असले प्रश्न बंद करा. या आठवड्यात कोणत्या मुलाशी आपण एकदाही बोललो नाही, ते विचारा. चार, जात आणि लिंगभेद हा विषय प्रत्येक घटकात आणा.

आपल्यातले अनेक तरुण डी.एड., बी.एड. करून भरतीची वाट पाहत आहेत. त्यांनी नोकरीची वाट न पाहता विहारात अभ्यासगट सुरू करावेत. शिकवणी घेता ना? मग रोज अर्धे पान लिहा आणि एकमेकांचे निर्भीडपणे तपासा. ‘शिका’ हा आदेश शिकवणाऱ्यालाही लागू आहे.

जय भीम!