विश्लेषण : पन्नाशीतली ‘पद्मिनी’ घरी दुरुस्त केली, तर ती ‘व्हिंटेज’ राहते का?

१९७५ साली आरटीओत नोंदलेली प्रीमियर पद्मिनी २०२५ मध्ये ५० वर्षांची झाली. म्हणजे वयाच्या हिशेबाने ती आता ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी पात्र आहे. अडचण पुढे आहे. वर्षानुवर्षे ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी चालती करायची, तर पत्रा कापावा लागतो, इंजिन उघडावे लागते. नियमाला मात्र गाडी मूळ स्वरूपात हवी आहे. घरच्या गॅरेजमध्ये पाना हातात घेण्याआधी हा पेच समजून घ्यायला हवा.

नियम काय सांगतो?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी, जिच्या चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे फेरबदल झालेले नाहीत, ती ‘व्हिंटेज’. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, नूतनीकरणाचे पाच हजार. नोंदणी १० वर्षे टिकते. गाडी आधीच नोंदलेली असेल तर जुना क्रमांक कायम ठेवता येतो. नव्याने क्रमांक मिळणाऱ्या गाडीच्या पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अर्ज आला की राज्याची समिती गाडी पाहते आणि ती निकषात बसते का, हे ठरवते.

दुरुस्ती कुठे संपते, बदल कुठे सुरू होतो?

खरी गुंतागुंत इथे आहे. जीप किंवा ट्रकला खाली वेगळी चासी असते, तशी पद्मिनीला नाही. पत्र्याचा सांगाडा हीच तिची चासी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत गंज धरतो तो नेमका याच सांगाड्याला: पायाखालची फरशी, दारांचा खालचा काठ, चाकांवरच्या कमानी, डिकीचा तळ. वरून लांबी भरून रंग मारला की गाडी फोटोत छान दिसते, पण गंज आत वाढतच राहतो. प्रामाणिक दुरुस्ती म्हणजे कुजलेला भाग कापून, त्याच आकाराचा पत्रा ठोकून बसवणे आणि वेल्डिंग करणे.

असा तुकडा जोडणे हा ‘मोठा फेरबदल’ म्हणायचा का? किती पत्रा बदलला म्हणजे गाडी मूळ राहत नाही, याचे माप नियमात दिलेले नाही. निर्णय समितीच्या नजरेवर जातो. त्यामुळे काम सुरू करण्याआधीचे, कापल्यानंतरचे आणि जोडल्यानंतरचे फोटो, बिले, काढलेले जुने भाग हे सगळे जपून ठेवणे शहाणपणाचे. चासी क्रमांक कोरलेल्या जागेवर तर ग्राइंडर फिरवूच नये. तो पुसट झाला तर प्रश्न व्हिंटेजचा राहत नाही, गाडी कोणाची हाच प्रश्न उभा राहतो.

इंजिनाचेही तसेच. १०८९ सीसीच्या त्या चार सिलिंडरांना बोअर करून नवे पिस्टन आणि रिंगा बसवल्या, हेड लेथवर नेऊन आणले, तर ब्लॉक आणि त्यावरचा क्रमांक तोच राहतो. याला फेरबदल म्हणणे कठीण. पण पद्मिनीच्या आयुष्यात पेट्रोलच्या खर्चाला कंटाळून अनेकांनी डिझेल इंजिन चढवले, कुणी सीएनजीची टाकी बसवली. अशा गाडीला आधी मूळ इंजिन शोधावे लागेल. कुर्ल्याच्या भंगार बाजारात ते मिळू शकते. गंमत म्हणजे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीचा कारखाना कुर्ल्यातच होता. इंजिन बदलले की आरसी बुकात तशी नोंद करावी लागते, हे मात्र अनेक जण विसरतात.

पेट्रोलचा प्रश्न

गाडी सुरू झाली तरी पंपावर मिळते ते २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीची लोखंडी टाकी आतून गंजू शकते. जुन्या रबराच्या नळ्या आणि कार्बोरेटरमधली पॅकिंग फुगतात किंवा कडक होऊन तडकतात. काही जुन्या गाड्यांत रबरी भाग बदलावे लागू शकतात, हे सरकारनेही मान्य केले आहे. घरगुती दुरुस्तीत इंधनाच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालणे हे रंगाच्या आधीचे काम आहे. गळकी नळी आणि तापलेले इंजिन शेजारी असतात.

मग व्हिंटेज नोंदणी करावी का?

ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांहून जुन्या मोटारीच्या साध्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क १० हजार रुपये झाले आहे आणि ते दर पाच वर्षांनी भरावे लागते. शिवाय राज्याचा पर्यावरण कर आहेच. दहा वर्षांचा हिशेब मांडला तर साधी नोंदणी स्वस्त पडत नाही. पण व्हिंटेज गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच ती बाहेर निघू शकते. रविवारी घरच्यांना घेऊन लोणावळ्याला जायचे असेल तर साधी नोंदणीच हवी, आणि तिथे फिटनेस तपासणी आली. ज्यांना गाडी चालवायची आहे, त्यांनी ‘व्हिंटेज’ पाटीच्या मोहात पडण्यात अर्थ नाही.

नोंदणी संपून वर्षे लोटली असतील तर आणखी एक खर्च आहे. नूतनीकरणाला उशीर झाल्यास खासगी मोटारीला दर महिन्याला ५०० रुपये जादा द्यावे लागतात. भारतात आधी नोंदलेल्या गाडीच्या व्हिंटेज अर्जालाही जुने आरसी बुक जोडावेच लागते. बऱ्याच घरांत ते बुक आजोबांच्या नावावर आहे आणि आजोबा नाहीत. तिथे पहिले काम वारसांच्या नावे हस्तांतराचे. बुक हरवले असेल तर मूळ आरटीओतून दुय्यम प्रत काढण्याचे. स्प्रे गनचा नंबर त्यानंतर.