मनगट बारीक, घड्याळ डायव्हर: ऑफिसला घालायचं की नाही?

1 ऑक्टोबर 2025 पासून भारताचा स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन या चार देशांशी झालेला व्यापार करार लागू झाला. स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क त्यानुसार टप्प्याटप्प्याने कमी होत जाणार आहे. घड्याळांच्या रील्सना तेवढाच नवा विषय मिळाला. पण कुणी बारीक मनगटावर जाडजूड डायव्हर घड्याळ घालून फोटो टाकला की खाली शेरे मात्र जुनेच. मुलगा असेल तर ‘भाऊ, आधी मनगट कमाव’ आणि मुलगी असेल तर ‘ताई, बाबांचं घड्याळ घातलं का?’

या शेऱ्यांमुळे अनेक जण आवडलेलं घड्याळ घेतच नाहीत, किंवा घेऊन कपाटात ठेवतात. म्हणून आधी हे पाहू, की घड्याळ ‘मोठं’ ठरतं ते नेमकं कशामुळे?

डायव्हर घड्याळ म्हणजे पाणबुड्यांसाठी बनवलेलं घड्याळ. अंधारात चमकणारे काटे, पाणी आत जाऊ नये म्हणून आटे देऊन घट्ट बसणारी चावी आणि तबकडीभोवती फिरणारी कडा, म्हणजे बेझेल. ही कडा एकाच दिशेने फिरते. चुकून धक्का लागून सरकली, तरी पाण्याखाली गेलेला वेळ जास्तच दिसतो, कमी कधीच दिसत नाही. म्हणजे पाणबुड्या लवकर वर येईल, उशिरा नाही.

आता गंमत बघा. 1953 साली आलेलं ब्लँकपेनचं ‘फिफ्टी फॅदम्स’ मोठंच होतं, पण त्याच काळातलं रोलेक्सचं पहिलं ‘सबमरिनर’ साधारण 37 मिलिमीटरचं होतं. आजच्या मापाने ते लहानच म्हणायचं. पुढे आकार वाढत गेले. 2020 मध्ये रोलेक्सने सबमरिनर 40 वरून 41 मिलिमीटरवर नेलं. मात्र त्याच घराण्यातल्या ट्यूडरने 2018 मध्ये 39 चं ‘ब्लॅक बे फिफ्टी-एट’ आणि 2023 मध्ये 37 चं ‘ब्लॅक बे 54’ बाजारात आणलं. त्यामुळे ‘डायव्हर म्हणजे मोठंच’ हा नियम नाही, ती मधल्या काही दशकांची फॅशन.

खरा आकडा कोणता?

जाहिरातीत ठळक छापलेला आकडा व्यासाचा असतो, आणि फसगत होते ती तिथेच. घड्याळाचा पट्टा ज्या चार टोकांना अडकतो, त्यांना लग म्हणतात. वरच्या लगच्या टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंतची लांबी जास्त महत्त्वाची, कारण ही टोकं मनगटाबाहेर डोकावली की घड्याळ उसनं आणल्यासारखं दिसतं.

सेइकोचं ‘एसकेएक्स 007’ हे आता बंद झालेलं लाडकं मॉडेल घ्या. व्यास 42.5 मिलिमीटर, पण लांबी साधारण 46. ट्यूडर ब्लॅक बे 54 चा व्यास 37, आणि लांबी? तीही 46 च्या आसपास! कागदावर दोन्हींच्या व्यासात साडेपाच मिलिमीटरचा फरक, पण मनगटावर आडवी व्यापलेली जागा जवळपास सारखीच. उलट बिल गेट्स यांच्या मनगटावर दिसल्यामुळे गाजलेलं, स्वस्तातलं कॅसिओचं ‘एमडीव्ही-106’ जवळपास 48.5 मिलिमीटर लांब आहे. मनगटाचा वरचा सपाट भाग जेमतेम 47 भरत असेल, तर ते बाहेर येणारच.

त्यातही जाड कडेमुळे आतली तबकडी लहान दिसते, म्हणून डायव्हर घड्याळ त्याच व्यासाच्या, बारीक कडेच्या साध्या घड्याळापेक्षा लहान भासतं.

आणि फोटो? मोबाइलचा कॅमेरा मनगटाच्या अगदी जवळ नेला की जवळची वस्तू फुगलेली दिसते, हाताचा मागचा भाग बारीक. शेरे मारणारे तोच फोटो बघत असतात. ऑफिसातला सहकारी तुम्हाला चार हातांवरून बघतो. खरं काय ते आरशासमोर उभं राहून ठरवा.

ऑफिसात चालतं का?

सुटावर डायव्हर घालू नये असं मानणारे अजूनही आहेत. 1964 च्या ‘गोल्डफिंगर’मध्ये शॉन कॉनरीने पांढऱ्या डिनर जॅकेटवर सबमरिनर घातलं होतं, तेही घड्याळाला न शोभणाऱ्या अरुंद पट्ट्यावर. तेव्हा हा वाद आता मिटायला हरकत नाही.

खरी अडचण जाडीची आहे. एसकेएक्स 13 मिलिमीटरहून जाड, तर ब्लॅक बे 54 सुमारे 11. दोन मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण शर्टाची बटण लावलेली बाही सतत अडकायला लागली की कळतं. दुसरी अडचण लॅपटॉपची. तीनच्या आकड्यापाशी मोठी चावी असेल तर टाइप करताना ती हाताच्या पाठीला टोचते. सेइकोच्या बऱ्याच डायव्हर घड्याळांत ती चारच्या आकड्यापाशी असते, तिथे हा त्रास कमी होतो. बाकी जुलैत लोकलमधून भिजत ऑफिस गाठणाऱ्याला पाणी न शिरणारं घड्याळ नको म्हणणं जरा विचित्रच.

मशीनवर काम असेल किंवा रुग्णांना हात लावायचा असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे घड्याळ लहान असो वा मोठं, कामाच्या वेळी मनगटावर नकोच.

महिलांची तक्रार वेगळी आणि रास्त आहे. बारीक मनगट म्हटलं की दुकानदार खडे लावलेल्या ‘लेडीज’ काउंटरकडे बोट दाखवतो. खरं तर रोलेक्सने आपल्या जलरोधक ‘ऑयस्टर’चा गाजावाजा केला तो एका स्त्रीच्या नावावर. 1927 मध्ये इंग्लिश खाडीत पोहायला उतरलेल्या मर्सिडीज ग्लाइट्झ यांच्या गळ्यात ते घड्याळ होतं.

ऑनलाइन मागवणार असाल तर पाच मिनिटं काढा. सपाट मनगटाची रुंदी पट्टीने मोजा. मग घड्याळाची व्यासाऐवजी लगपासून लगपर्यंतची लांबी शोधा, त्या लांबीचा पुठ्ठा कापा आणि मनगटावर ठेवा. टोकं आत राहिली तर मागवा. बाहेर आली तर तीन मिलिमीटर कमी लांबीचं मॉडेल बघा, आणि पुठ्ठा पुन्हा कापा.